सहसंबद्ध संयुगे

मध्यभागी धातूचा अणू किंवा आयन आणि त्याला ठरावीक संख्येने जोडलेले रेणू वा आयन असा गट ज्यांत असतो, त्यांना सहसंबद्ध किंवा जटिल संयुगे म्हणतात. धातूला जोडलेल्या घटकांना लिगँड म्हणतात. पाणी, अमोनिया, क्लोराइड, सायनाइड ही लिगँडांची नेहमीची उदाहरणे. लिगँड आपली इलेक्ट्रॉनांची जोडी धातूला देतो आणि त्यातून बंध तयार होतो. अशा बंधांची धातूभोवतीची संख्या म्हणजे सहसंबंध अंक. तो बहुधा 4 किंवा 6 असतो.

दुहेरी व जटिल लवणे : दोन लवणे एकत्र स्फटिकीभवन पावली म्हणजे जटिल संयुग झालेच असे नाही. तुरटी हे पोटॅशियम सल्फेट व ॲल्युमिनियम सल्फेट यांचे दुहेरी लवण आहे. पाण्यात विरघळताच पोटॅशियम, ॲल्युमिनियम व सल्फेट हे तिन्ही आयन सुटे होतात. मोर लवणही तसेच. त्याच्या विद्रावात सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यास लोहाचा हिरवट साका पडतो. पोटॅशियम फेरोसायनाइडच्या विद्रावात मात्र असा साका पडत नाही. लोह त्यातही आहे, पण ते सहा सायनाइड आयनांनी घट्ट बांधलेले असते. विद्रावात काय सुटे होते आणि काय बांधलेले राहते, यावरच हा भेद ठरतो.

बंध जुळताना रंगही पालटतो. मोरचुदाच्या विद्रावात अमोनियाचे थेंब घातले की आधी फिकट निळा साका दिसतो. अमोनिया वाढवत गेल्यास तो विरघळतो आणि विद्राव गडद निळा होतो, कारण तांब्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंची जागा अमोनिया घेतो.

वेर्नर यांचा सिद्धांत : कोबाल्ट क्लोराइड व अमोनिया यांची अनेक रंगीत संयुगे एकोणिसाव्या शतकात माहीत होती, परंतु त्यांची रचना उलगडत नव्हती. सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर सहा अमोनिया असलेल्या पिवळ्या संयुगातील तिन्ही क्लोराइड साक्यात येत. पाच अमोनियाच्या जांभळ्या संयुगातील दोनच, तर चार अमोनियाच्या संयुगातील फक्त एक. आल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 मध्ये याचा अर्थ लावला : साक्यात न येणारे क्लोराइड थेट कोबाल्टला जोडलेले आहेत आणि प्रत्येक संयुगात कोबाल्टभोवतीच्या जागा सहाच आहेत. चार अमोनियाच्या संयुगाची हिरवे व जांभळट अशी दोनच रूपे मिळतात. षट्कोनी किंवा त्रिकोणी लोलकाकार मांडणीत ती तीन झाली असती. म्हणून मांडणी अष्टफलकीय असली पाहिजे, असे त्यांनी मांडले. क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहण्याची सोय तेव्हा नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या तर्काची झेप कळते. या कार्यासाठी त्यांना 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

महत्त्व : रक्तातील हीमोग्लोबिनमध्ये लोह, हरितद्रव्यात मॅग्नेशियम आणि बी-12 जीवनसत्त्वात कोबाल्ट याच प्रकारे बांधलेले असते. मांडणीतील लहानसा फरकही निर्णायक ठरतो. सिसप्लॅटिन या कर्करोगावरील औषधात प्लॅटिनमभोवतीचे दोन क्लोराइड शेजारीशेजारी असतात. तेच समोरासमोर असलेले संयुग औषध म्हणून उपयोगी पडत नाही.