नांगर आणि बोया : तंजावरच्या समुद्राचा एक प्रश्न

तंजावरचें नांव निघालें कीं मराठी वाचकाला सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्यें कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आठवतो, फार तर तेथील नाटकें आणि चित्रें आठवतात. समुद्र आठवत नाहीं. व्यंकोजीराजांचें हें राज्य कावेरीच्या भातशेतीवर उभें राहिलें, आणि आपणही त्याचा विचार शेतसाऱ्याच्या अंगानेंच करीत आलों. परंतु या राज्याला लांब किनारा होता, आणि त्या किनाऱ्यावर कोणाचें जहाज कोठें उभें राहिलें यावर त्याचें भवितव्य बऱ्याच अंशीं ठरलें. त्याच किनाऱ्याच्या एका कोपऱ्यांत जहाज उभें करण्याचा प्रश्न आज निराळ्या रूपानें पुढें आला आहे. म्हणून त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

आपल्या भाषेंत शेत उकरणारा तोही नांगर आणि गलबत धरून ठेवणारा तोही नांगर. दोघांचीं कुळें मात्र वेगळीं. पहिला संस्कृत ‘लांगल’ शब्दापासून आला, दुसरा फारसी ‘लंगर’ शब्दापासून. मराठींत येतां येतां दोघांचा उच्चार एक झाला. तमिळ भाषेंत हा घोटाळा नाहीं. शेतांतला तो ‘कलप्पै’ आणि समुद्रांतला तो ‘नंगूरम्’. मराठींतला हा योगायोग आमच्या विषयाला सोयीचा आहे, कारण समुद्राचा नांगरही जमीन उकरतोच. शेतकरी पेरण्यासाठीं उकरतो, खलाशी धरून राहण्यासाठीं, एवढाच फरक.

कोळ्ळिडम् नदीच्या मुखापासून वेदारण्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मोठ्या जहाजाला आसरा मिळेल असें नैसर्गिक बंदर नाहीं. जहाजांनीं दूर उघड्या पाण्यांत नांगर टाकावा आणि माल व माणसें काथ्यानें शिवलेल्या होड्यांतून लाटांवरून उतरवावींत, अशी रीत होती. अशा जागीं भक्कम नांगरापेक्षां वेळेवर तोडतां येणारा दोर अधिक मोलाचा. वादळाचीं चिन्हें दिसतांच नांगर तळाशीं सोडून खोल समुद्र गांठणें हेंच शहाणपण.

याची साक्ष तंजावरच्या इतिहासांतच आहे. 1749 मध्यें प्रतापसिंह गादीवर असतां इंग्रजांनीं पदच्युत राजाचा पक्ष घेऊन कोळ्ळिडम् च्या मुखाशीं असलेल्या देवीकोट्टैवर मोहीम काढली. एप्रिलच्या मध्यास एका रात्रीं वादळ झालें. ॲडमिरल बॉस्कावेनचें ‘नामूर’ हें 74 तोफांचें जहाज कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्याच्या टापूंत बुडालें आणि पांचशेंहून अधिक माणसें गेलीं. ‘पेम्ब्रोक’ही फुटलें. बॉस्कावेन स्वतः जमिनीवर होता म्हणून वांचला. बारा वर्षांनीं, 1 जानेवारी 1761 रोजीं, पांडेचरीला वेढा घालून बसलेल्या इंग्रजी आरमारावर असाच प्रसंग आला. ॲडमिरल स्टीव्हन्सनें आपल्या जहाजाचा दोर तोडून समुद्र गांठला व तो तरला. जीं जहाजें नांगराला धरून राहिलीं त्यांतलीं कित्येक बुडालीं किंवा किनाऱ्यावर आदळलीं.

मात्र वादळानें तंजावरचें संकट टळलें नाहीं. त्याच वर्षीं दुसऱ्या मोहिमेंत देवीकोट्टै इंग्रजांच्या हातीं गेलें. त्यापूर्वीं नायकांच्या काळींच 1620 मध्यें डेन लोक तरंगम्बाडीस येऊन बसले होते, 1658 मध्यें डचांनीं नागपट्टण पोर्तुगीजांकडून घेतलें होतें, आणि 1739 मध्यें कारैकाल फ्रेंचांकडे गेलें होतें. पाहुणा म्हणून नांगर टाकणाऱ्यानें कोठी बांधावी, कोठीला तट घालावा आणि तटावर तोफ चढवावी, हा क्रम आपल्याकडील वाचकाला मुंबई-सुरतेवरून परिचित आहे.

कोडिक्करैचें टोंक ओलांडलें कीं किनारा पश्चिमेकडे वळतो आणि समुद्राचा स्वभाव पालटतो. पूर्वेस श्रीलंका, दक्षिणेस रामसेतूची रांग, मध्यें पाल्कचा उथळ उपसागर. ज्या रॉबर्ट पाल्कचें नांव या पाण्याला मिळालें, तो 1754 मध्यें प्रतापसिंहाचें मन इंग्रजांकडे वळविण्यासाठीं तंजावरास आला होता आणि पुढें 1763 ते 1767 मद्रासचा गव्हर्नर होता. नागपट्टणम् जिल्हा 1991 मध्यें वेगळा झाल्यापासून तंजावर जिल्ह्याला उरला आहे तो याच उपसागराचा किनारा : अदिरामपट्टणम्, मल्लिपट्टणम्, सेतुबावाछत्रम्. येथेंच सरफोजीराजांनीं 1814-15 मध्यें बांधलेला षट्कोनी ‘मनोरा’ उभा आहे. इंग्रजांचा जय आणि बोनापार्टचा पाडाव यांचें तें स्मारक. 1799 च्या तहानें ज्या राजाची सत्ता तंजावरचा किल्ला व भोंवतालच्या थोड्या मुलुखापुरती उरली, त्यानें दुसऱ्याच्या विजयासाठीं समुद्रकांठीं मनोरा उभारावा, हा दैवदुर्विलास पाहणाऱ्या मराठी माणसास अस्वस्थ केल्यावांचून राहत नाहीं.

मनोऱ्यासमोर पाणी दूरवर उथळ आहे आणि तळाशीं समुद्रगवताचीं कुरणें आहेत. हें शेवाळ नव्हे. याला मुळें, खोड, पानें आणि फुलें असतात. तें वाळू धरून ठेवतें आणि माशांच्या व कोळंबीच्या पिलांना आसरा देतें. मुख्यतः याच गवतावर जगणारा डुगाँग हा प्राणी तमिळ कोळ्यांना ‘कडल् पसु’, म्हणजे समुद्रगाय, म्हणून ठाऊक आहे. त्याच्या रक्षणासाठीं सप्टेंबर 2022 मध्यें तमिळनाडू सरकारनें तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या समुद्राचें सुमारें 448 चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव जाहीर केलें. भारतांत या प्राण्यासाठीं राखलेलें हें पहिलेंच क्षेत्र.

आतां नांगराकडे पाहूं. नांगर केवळ वजनानें धरीत नाहीं. त्याची फाळ तळांत रुतावी लागते आणि ती रुतण्यासाठीं ओढ आडवी बसावी लागते. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पांचपट तरी दोर सोडतात. पांच मीटर पाण्यांत पंचवीस मीटर दोर सोडला कीं वारा फिरेल तशी होडी नांगराभोंवतीं फिरते आणि तळाशीं पडलेली साखळी कोयत्यासारखी गवत कापीत जाते. नांगर उचलतांना मुळें निघतात तीं वेगळींच. उघड्या किनाऱ्यावर धोका जहाजाला होता. आसऱ्याच्या पाण्यांत जहाज सुरक्षित असतें आणि धोका तळाला असतो. जितकें पाणी शांत, तितक्या होड्या अधिक, आणि तितके घाव अधिक.

यावर उपाय म्हणून तळांत एकदांच पक्की खूण रोवून तिचा दोर पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला बांधतात. येणाऱ्यानें नांगर न टाकतां बोयाला होडी अडकवावी. प्रवाळ राखण्यासाठीं अशी व्यवस्था फ्लॉरिडांतील की लार्गो येथें 1981 मध्यें झाली व पुढें इतरत्र पसरली. पण बोया म्हटला कीं काम झालें असें नाहीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील रॉटनेस्ट बेटाजवळ बोयांना जड साखळ्या होत्या. त्या साखळ्यांनीं प्रत्येक बोयाभोंवतीं गवत खरवडून वाटोळीं उजाड मंडलें पाडलीं, असें 1989 मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसलें. म्हणजे दोर तळाला न लागतां अधांतरीं राहील अशी योजना हवी, आणि खूण वजनी दगडाची नसून मळसूत्रासारखी तळांत शिरणारी असेल तर उत्तम.

पाल्कच्या उपसागरांत तळ खरवडणाऱ्या यांत्रिक जाळ्यांचा घाव नांगराहून मोठा आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तें सोडून गरीब कोळ्याच्या लहान नांगरावर सरकारी बोट ठेवणें अन्यायाचें होईल. शिवाय कोळ्याच्या मनांत रास्त शंका असते : दुसऱ्यानें रोवलेल्या दोरावर मी माझी होडी कां सोंपवावी? तो दोर कुजला आहे कीं नाहीं हें कोणीं पाहिलें? आपला नांगर त्याच्या हातांतला असतो. बोया विश्वासावरचा असतो.

या शंकेचें उत्तर तंजावरच्याच इतिहासांत आहे, पण तें जमिनीवर. रामेश्वरच्या वाटेवर मराठे राजांनीं छत्रें बांधलीं. ओरत्तनाड येथील मुक्तांबाछत्र 1802 चें. वाटसरूनें जागोजाग चूल मांडून झाडें तोडावींत, त्याऐवजीं राज्यानेंच उतरण्याची जागा पक्की करून द्यावी, ही त्या छत्रांची सोय. सर्व जातींच्या यात्रेकरूंना तेथें भात मिळे. शिजविलेला नको असेल त्याला शिधा मिळे. राज्यकारभार गेल्यावर 1801 मध्यें सरफोजीराजांनीं रेसिडेंट टोरिन यास या छत्रांविषयीं कळकळीचें पत्र लिहिलें. छत्र बांधणें सोपें, तें नित्य चालविणें कठीण, आणि चालविणाऱ्या उत्पन्नाला हात लागला तर छत्र नांवाला उरतें, ही त्यांची चिंता होती.

बोयाचीही तीच कथा. तो बसविण्याचा समारंभ एका दिवसाचा. त्याचा दोर दरसाल तपासणें हें कोणाचें काम, त्याचा खर्च कोणत्या खात्यावर, आणि तपासणारा माणूस गांवच्या कोळ्यांतलाच कां नसावा, हे प्रश्न आधीं सुटले पाहिजेत. आमचे पुष्कळ वाचक परप्रांतांत अधिकाराच्या जागीं आहेत. बदली झाल्यावर आपल्यामागें कोणती योजना चालू राहते आणि कोणती फायलींत कुजते, हें त्यांना आम्हांपेक्षां चांगलें ठाऊक आहे. त्यांच्यापैकीं कोणी सुटीच्या दिवशीं मनोरा पाहण्यास गेला, तर त्यानें वर चढून शिलालेख अवश्य वाचावा. पण खालीं उतरल्यावर किनाऱ्यावरच्या कोळ्याला, तो आपला नांगर कोठें टाकतो आणि कां, हेंही विचारावें.