किकबोर्ड

किकबोर्ड : पोहण्याच्या सरावात सगळे काम पायांवर यावे म्हणून दोन्ही हातांत धरायची तरंगती फळी. साधारणतः ४० ते ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३–४ सेंमी जाड. बहुधा ईव्हीए फोमची. फोममधील बारीक, बंद पोकळ्यांत हवा असल्याने ती पाणी शोषत नाही.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांत पोरे पोहायला शिकत आली ती विहिरीत. कमरेला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड, पुढच्या काळात पाठीला तेलाचा रिकामा डबा, प्लॅस्टिकचा कॅन नाहीतर ट्यूब. दोराचे दुसरे टोक काठावरच्या थोरल्याच्या हातात. हे साधन धड उचलून धरते, त्यामुळे पाण्याची भीती लवकर मोडते. ही त्याची मोठी कमाई आहे. पाय मात्र खाली लोंबत राहतात आणि गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे चालतात. विहिरीचा घेर लहान. चार हात मारले की पायऱ्या येतात, म्हणून ही खोड तिथे नडत नाही. जलतरण तलावाच्या २५ मीटरमध्ये ती लगेच नडते: अर्ध्यावरच दम लागतो.

किकबोर्डचा खरा उपयोग अशा मुलांना आहे. डबा धड उचलतो; फळी हात अडकवून ठेवते, मग पुढे सरकायचे तर पायच मारावे लागतात. कोपरे सरळ, तळवे फळीवर सैल, तोंड पाण्यात ठेवून बुडबुडे सोडायचे आणि श्वासापुरतेच वर यायचे. पाय मांडीच्या सांध्यातून हलतात, गुडघा किंचित वाकतो, घोटा ढिला राहतो. चूक जागच्या जागी दिसते: गुडघ्यातून मारले की पाणी खूप उडते, पण फळी जेमतेम सरकते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पुढे जाण्याचा मोठा जोर पायांचाच असल्याने तिथे हा सराव अधिकच मोलाचा. हात किंवा खांदा दुखावलेल्या पोहणाऱ्यालाही त्रास होत नसेल तर तो करता येतो.

मर्यादाही आहेत. नवशिका फळीवर छातीचा भार टाकतो. डोके वर, कंबर खाली, आणि मान-पाठ आखडते. शिवाय फ्रीस्टाइलमध्ये अंग दोन्ही बाजूंना वळायला हवे, ते फळीमुळे थांबते. म्हणून पूर्ण सराव फळीवर काढू नये; काही फेऱ्या उताणे होऊन, काही हात डोक्यापुढे ताणून फळीविना माराव्यात.

नांदेड-लातूर भागात पोहणे शिकण्याचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा वर्षी पोहण्यासाठी पाणी कुठले? पाणी असते तेव्हा सुटीचे काही आठवडेच हाती लागतात, आणि त्यांतले पहिले दिवस पायांना द्यावेत.

किकबोर्ड जीवरक्षक साधन नाही. ती अंगाला बांधलेली नसते, हातातून निसटली की आधार संपला. गोदावरी-मांजराच्या पात्रात, विष्णुपुरीच्या जलाशयात किंवा विहिरीत तिच्या भरवशावर उतरू नये.