शेअरचा भाव रोज का हलतो?

मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजेच सेन्सेक्स, सोमवार, ३ जून २०२४ रोजी २,५०७ अंशांनी उसळून ७६,४६८ वर बंद झाला. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला घवघवीत बहुमत मिळेल, असे भाकीत केले होते. दुसऱ्या दिवशी मतमोजणीचे आकडे वेगळे येऊ लागताच तोच निर्देशांक ४,३८९ अंशांनी कोसळला. बुधवारी तो पुन्हा २,३०३ अंशांनी सावरला. या तीन दिवसांत कंपन्यांचे कारखाने तेच होते, कामगार तेच होते आणि हातातील कामेही तीच होती. मग बदलले काय? बाजारात नव्याने उतरलेल्या गुंतवणूकदाराला सर्वाधिक छळणारा प्रश्न हाच असतो.

त्याचे उत्तर भाव ठरण्याच्या पद्धतीत आहे. शेअरचा भाव कंपनी ठरवत नाही, बाजारही ठरवत नाही. पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे नुकत्याच झालेल्या शेवटच्या सौद्याची किंमत असते, एवढेच. एखाद्या शेअरचा भाव २५० रुपये आहे असे समजू. खरेदीदारांच्या रांगेत १०० शेअर २४९ रुपये ९० पैशांना, ३०० शेअर २४९ रुपये ५० पैशांना आणि ५०० शेअर २४८ रुपयांना घेण्याची तयारी नोंदवलेली आहे. अशा वेळी कुणी 'मिळेल त्या भावाने' ९०० शेअर विकायला काढले, तर पहिले शंभर वरच्या भावाने जातात, पुढचे तीनशे त्याखालच्या आणि उरलेले पाचशे २४८ रुपयांना. भाव दोन रुपयांनी उतरला, बातमी मात्र काहीच नाही. विकणाऱ्याला कदाचित घराच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे असतील.

या कंपनीचे एकूण एक कोटी शेअर असतील, तर तिचे बाजारमूल्य २५० कोटींवरून २४८ कोटींवर आले, असे कागदोपत्री दिसेल. प्रत्यक्षात हात बदलले ते सुमारे सव्वादोन लाख रुपयांचे शेअर. 'गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले' असे मथळे ४ जूनच्या पडझडीनंतर झळकले, तेही याच हिशेबाने वाचायचे असतात. एवढी रक्कम कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात गेली नव्हती. मोजक्या शेअरांच्या शेवटच्या भावाने सर्वच शेअरांना गुणले की असा आकडा तयार होतो. ज्याने त्या दिवशी खरोखर विक्री केली, त्याच्यापुरता मात्र तो खरा असतो.

अपेक्षांचा खेळ

नफा वाढूनही शेअर का पडतो, हे कोडे नवख्यांना हमखास पडते. कंपनीचा तिमाही नफा १५ टक्क्यांनी वाढला, पण बाजाराने २५ टक्के वाढ गृहीत धरून आधीच चढा भाव दिलेला असेल, तर निकालाचा दिवस निराशेचाच ठरतो. भावात भविष्य आधीच मिसळलेले असते. बातमी चांगली की वाईट यापेक्षा ती अपेक्षेहून सरस की निरस, याला अधिक महत्त्व असते. निवडणुकीच्या त्या तीन दिवसांतही दुसरे काही घडले नव्हते.

व्याजदराचा परिणामही असाच भविष्यातून येतो. दहा वर्षांनी मिळणाऱ्या एक हजार रुपयांची आजची किंमत सात टक्के व्याजाने सुमारे ५०८ रुपये होते, तर आठ टक्क्यांनी ४६३. कंपनीने एक पैसाही कमी कमावलेला नसताना तिच्या उद्याच्या नफ्याचे आजचे मोल घटते. शिवाय मुदत ठेवी आकर्षक होतात आणि कर्जे महागतात. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ रोजी नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर ०.४० टक्क्यांनी वाढवून ४.४० टक्के केला, त्या दिवशी सेन्सेक्स १,३०६ अंशांनी घसरला होता.

मोठ्या घसरणीत आणखी एक वर्ग असतो, ज्याला विकायचे नसते पण विकावे लागते. २५ हजार रुपये स्वतःचे आणि ७५ हजार उसने, अशा एक लाखाच्या शेअरांचा भाव २० टक्क्यांनी उतरला, तर २० हजारांचा तोटा होतो. तो सारा स्वतःच्या २५ हजारांतूनच जातो. दलाल जादा रकमेची मागणी करतो आणि ती न मिळाल्यास शेअर विकून टाकतो. त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि पुढच्या कर्जदाराची पाळी येते. अशा वेळी चांगल्या कंपन्याच आधी विकल्या जातात, कारण त्यांनाच गिऱ्हाईक मिळते.

काही घसरणी तर नुसत्या दिसण्यापुरत्या असतात. रिलायन्स इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस शेअर दिला, तेव्हा भाव एका रात्रीत निम्मा दिसू लागला. शेअरांची संख्या दुप्पट झाली होती, मूल्य तेवढेच होते. टाटा स्टीलने जुलै २०२२ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे एक-एक रुपयाचे दहा भाग केले, तेव्हाही हाच प्रकार झाला.

सगळीच घसरण तात्पुरती नसते

'आज पडला म्हणजे उद्या वर येईल' हा समज सर्वांत महागडा. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून हिशेब फुगवल्याची कबुली दिली. हिशेबात दाखवलेली रोकड अस्तित्वातच नव्हती. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी ४० रुपयांपर्यंत खाली आला. ती बाजाराची लहर नव्हती, उशिरा कळलेले सत्य होते. असा शेअर स्वस्त झाला म्हणून आणखी घेणारे त्या दिवशीही असतात, अन्यथा सौदे झालेच नसते. निम्म्यावर आलेल्या शेअरला मूळ भाव गाठण्यासाठी दुप्पट व्हावे लागते, हे साधे गणित अशा खरेदीत विसरले जाते.

संपूर्ण बाजाराची गोष्ट थोडी निराळी. करोनाच्या धास्तीने २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स १३ टक्क्यांहून अधिक कोसळून २५,९८१ वर आला आणि नोव्हेंबरमध्ये जानेवारीच्या उच्चांकापुढे गेलाही. पण हर्षद मेहताच्या तेजीत एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ वर गेलेला हाच निर्देशांक अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तीन हजारांच्या आसपास होता. मुलीच्या शिक्षणासाठी आठ महिन्यांनी लागणारे पैसे आणि निवृत्तीसाठी वीस वर्षांनी लागणारे पैसे एकाच शेअरात असले, तरी त्यांची जोखीम एक नसते.

लहान कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. वायदे बाजारात नसलेल्या शेअरांना दिवसभराच्या चढउताराची मर्यादा असते. शेअरनुसार ती २, ५, १० किंवा २० टक्के असते. या मर्यादेला 'सर्किट' म्हणतात. मोबाइलवर आलेल्या 'खात्रीच्या' सल्ल्यावर घेतलेला शेअर रोज वरच्या सर्किटला लागतो, तेव्हा भाव वाढतच जातो. मग एके सकाळी तो खालच्या सर्किटला उघडतो. सव्वानऊला हजारो विक्रेते रांगेत असतात, खरेदीदार एकही नसतो. साडेतीनला बाजार बंद होतो, तेव्हा विक्रीचा आदेश तसाच पडून राहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी पाच टक्के खालून पुन्हा तीच रांग लागते.