रोजचा मसालेभात : नोंद न झालेला इतिहास



आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजापासून आरंभ करतो आणि प्रार्थनामंदिरांच्या स्थापनेपर्यंत येऊन पोहोचतो. स्वयंपाकघरात मात्र आपण क्वचितच डोकावतो. तथापि, आपल्या पूर्वजांनी सणांना जी मराठी नावे दिली ती बहुतांशी चुलीपाशीच जन्मली. खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण ही नावे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात नोंदवली आहेत. त्यामुळे सणाचे अन्न टिकले. एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याला तर आज आपल्या समाजाची ओळख म्हणून मान मिळतो. परंतु आठवड्यातल्या एखाद्या मंगळवारी, कामावरून थकून परतलेल्या गृहिणीने एका पातेल्यात शिजवलेल्या भाजीच्या मसालेभाताची नोंद कोणी ठेवली? माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, या साध्या भातातही आपल्या समाजाचा इतिहास साठवलेला आहे.

प्रथम तेलाचा विचार करू. कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल काढण्याचा व्यवसाय करीत आणि शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवीत; म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. भात हे त्या भूमीचे मुख्य अन्न आणि तेल हा आपल्या हातचा माल. मांस व दूध एकत्र न करण्याचा नियम पाळणाऱ्या घरात या दोहोंचा मेळ फार उपयोगी ठरतो. महाराष्ट्रात इतरत्र मसालेभातावर साजूक तूप वाढल्याशिवाय पंगत पूर्ण होत नाही. आपल्या घरी मात्र भात तेलातच फोडणीला घालणे सोयीचे. असा भात 'पार्वे' राहतो : पानात मांसाचा रस्सा असेल तर त्याच्यासोबत चालतो आणि मांस नसेल तर दही, कोशिंबीर, वरून तुपाची धार, सारे चालते. भाताला अधिक मृदुता हवी असेल तर नारळाचे दूध आहेच, तेही पार्वेच. आब महिन्याच्या आरंभी, मंदिराच्या विध्वंसाच्या शोकात मांस वर्ज्य असते, तेव्हाही हाच भात ताटात येतो.

आता भाज्यांकडे वळू. आज बटाट्यावाचून आणि मिरचीवाचून मसालेभाताची कल्पना करवत नाही. प्रत्यक्षात ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज चौल-रेवदंड्यास ठाण मांडून बसले, त्यानंतरच्या काळात ती आपल्या किनाऱ्याच्या परिचयाची झाली. 'बटाटा' हा शब्ददेखील पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आला. त्यापूर्वीच्या भाताला तिखटपणा मिऱ्यांनी येत असणार, आणि भाजी वांग्याची वा तोंडल्याची असणार. म्हणजे ज्याला आपण परंपरेचा भात म्हणतो, तो पूर्वीही बदलत आलेलाच आहे. नवे जिन्नस त्याने सामावून घेतले, आणि तरीही तो आपलाच राहिला.

हीच कसोटी इस्राएलात पुन्हा लागली. १९४९ पासून दहा वर्षे या देशात अन्नधान्याचे रेशनिंग होते. तांदूळ तर इतका दुर्मीळ होता की, गव्हाच्या पिठापासून तांदळाच्या दाण्यासारखे 'प्तितीम' तयार करण्यात आले आणि लोक त्यांना 'बेन गुरियनचा तांदूळ' म्हणू लागले. अन्य देशांतून आलेल्या अनेकांची त्यावर गुजराण झाली असेल. पण ज्यांच्या भाषेत 'जेवलात का?' याचा अर्थच 'भात खाल्लात का?' असा होता, त्या कोकणच्या माणसांना तो बदल किती जड गेला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पुढे तांदूळ मुबलक झाला. आणि आज लोद, रामले, दिमोना येथील भारतीय दुकानांत कढीपत्ता व मसालेही मिळतात. तोंडल्यांच्या जागी येथील कोवळे कुसे आले, आणि भात पुन्हा एकदा बदलला.

तो करावा कसा, हेही आज नोंदवून ठेवतो. दोन वाट्या तांदूळ निवडून, धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा. फ्लॉवर घेतल्यास त्याचे तुरे मिठाच्या पाण्यात बुडवून कीड नाही ना, हे नीट पाहून घ्यावे. तीन चमचे तेलात मोहरी, हिंग, दालचिनी, चार लवंगा, तमालपत्र व कढीपत्ता यांची फोडणी करावी. तीत वांगे, बटाटा, मटार अशा दोन वाट्या भाज्या परताव्यात, मग हळद, दोन चमचे गोडा मसाला व तांदूळ घालून दाणा कोरडा होईतो परतावे. चार वाट्या उकळते पाणी, मीठ व थोडा गूळ घालावा. पाणी आटत आले की झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे वाफ द्यावी. वर ओले खोबरे व कोथिंबीर. तासाभरात घरादाराचे जेवण होते.

येथे खरी चिंता पाककृतीची नाही. ती कोठेही मिळेल. चिंता आहे ती शब्दांची. आपली नातवंडे हा भात आवडीने खातात आणि त्याला हिब्रूत 'ओरेझ इम येराकोत' म्हणजे 'भाज्यांसह भात' असे म्हणतात. त्या नावात चूक काही नाही. परंतु फोडणी, निथळणे, वाफ, आच हे शब्द त्यात नाहीत. सणाच्या दिवशी आपण प्रयत्नपूर्वक मराठी आठवतो. भाषा मात्र जगते ती रोजच्या कामात, 'झाकण उघडू नकोस' असे कोणी कोणास सांगते तेव्हा. सण वर्षातून एकदा येतो. रात्रीचे जेवण रोज असते.

म्हणून माझी विनंती आहे : प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी या आठवड्यात एकदा नातवंडांना हाताशी घेऊन मसालेभात करावा, आणि करताना मराठीतच बोलावे. आपल्या घरचा मसाला कोणता आणि तो कोणाकडून आला, हे मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे, मग लिपी हिब्रू असली तरी हरकत नाही. केहिमकरांनी सणांची नावे लिहून ठेवली म्हणून ती आपल्याला ठाऊक आहेत. रोजच्या ताटाची नोंद करण्याचे काम आपल्यासाठी शिल्लक आहे.