आपत्कालीन संधारण अनुदान : अमेरिका

पूर, वादळ, वणवा किंवा तीव्र दुष्काळ यांमुळे नासलेली शेतजमीन पुन्हा वापरात आणण्यासाठी अमेरिकेचे संघसरकार शेतकऱ्याला देते ते अर्थसाहाय्य. १९७८ च्या कृषी पतपुरवठा कायद्यावर ते आधारलेले असून कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी ते वाटते. शेतातला राडारोडा हटवणे, खरडलेली जमीन सारखी करणे, कुंपण आणि मृदसंधारणाची बांधकामे पुन्हा उभारणे, दुष्काळात गुरांसाठी पाण्याची सोय करणे ही कामे त्यात बसतात. बुडालेले पीक किंवा दगावलेले जनावर यांची भरपाई यातून मिळत नाही, कारण हे अनुदान जमिनीसाठी आहे. सरकार खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत वाटा उचलते, तुटपुंज्या साधनांच्या शेतकऱ्यासाठी ९० टक्क्यांपर्यंत. नुकसान पाहून पात्रता ठरवण्यात स्थानिक शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या काउंटी समितीचा शब्द मोलाचा असतो.

योजनेची ही घडण चांगली आहे. चुकतो तो पैसे हाती पडण्याचा क्रम. कॅन्सस राज्यातील क्लार्क काउंटी ही जेमतेम दोन हजार वस्तीची, गुरांच्या पैदाशीवर जगणारी. ६ मार्च २०१७ रोजी शेजारच्या ओक्लाहोमात पेटलेल्या स्टारबक वणव्यात तिची चार लाखांहून अधिक एकर जमीन होरपळली. हजारो गुरे गेली, मैलोन्‌मैल कुंपणे जळाली. काटेरी तारेचे नवे कुंपण तेव्हा मैलाला साधारण दहा हजार डॉलर खाई. वीस मैल कुंपण गमावलेल्या पशुपालकाचा खर्च दोन लाख डॉलर धरला, तर ७५ टक्क्यांच्या हिशेबाने दीड लाख सरकारकडून येतात, पण काम पुरे होऊन तपासले गेल्यावर. तोवर सारी रक्कम त्याने उभी करायची, आणि ज्या गुरांच्या तारणावर बँक कर्ज देते ती गुरेच राखेत गेलेली. म्हणजे ज्याच्याकडे पैसा शिल्लक आहे त्याला मदत लवकर लाभते आणि जो पुरता बुडाला तो दाराशीच अडतो. २०१८ च्या शेती कायद्याने कुंपणासाठी अनुदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ घेण्याची मुभा दिली. वरच्या हिशेबात ती ३७,५०० डॉलर होते. १,६२,५०० डॉलरची सोय तरीही त्यालाच करावी लागते.

कुंपण हे संधारण कसे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु जळालेल्या कुरणाला विसावा हवा असतो. गुरे आवरता आली नाहीत तर कोवळे गवत खुडले जाते, मुळे दुबळी होतात आणि उघडी माती वाऱ्यापावसाबरोबर जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आगाऊ पैसा भलतीकडे जाईल. त्याचे उत्तर कायद्यातच सापडते. साठ दिवसांत न खर्चलेली आगाऊ रक्कम परत करावी लागते, खर्चाचा काही वाटा शेतकऱ्याच्याच खिशातून जातो, आणि पाहणी करणाऱ्या समितीवर त्याच काउंटीतले, तिथली जमीन ओळखणारे शेतकरी असतात. इतकी राखण असताना आगाऊ वाटा निम्म्यावर नेण्यात मोठा धोका नाही. मात्र त्याआधी तिजोरीत पैसा असावा लागतो. या कार्यक्रमाला दरवर्षी ठरलेली रक्कम मिळत नाही. काँग्रेस बहुधा मोठ्या आपत्तीनंतर खास तरतूद करते, आणि ती संपली की पात्र ठरलेले अर्जही पुढच्या तरतुदीची वाट पाहत पडून राहतात.