कुलवृत्तांत : छापील पान आणि बंगळूरचे डिजिटल ग्रंथालय

मराठी वंशलेखनाच्या इतिहासात बंगळूरचे नाव दोनदा घ्यावे लागते, आणि या दोन प्रसंगांत साडेतीन शतकांहून अधिक अंतर आहे. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरच्या ताब्यात आले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात संस्कृताबरोबर अनेक देशभाषा नांदतात आणि भोसल्यांचे कुल राण्यांच्या वंशाशी जोडले जाते. तेथे वंश हा दरबारी स्तुतीचा विषय होता. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह छापला, तेव्हा त्याच स्तुतीकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. मधल्या काळात, १८०३ मध्ये, तंजावरच्या भोसल्यांनी आपला वंशेतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरविला होता. काव्य, शिलालेख आणि संपादित ग्रंथ अशा तीन माध्यमांतून जाताना एकाच वंशकथेचे प्रयोजन कसे पालटत गेले, याकडे तौलनिक अभ्यासकांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

सामान्य घराण्यांना दरबारी कवी लाभला नाही. त्यांची वंशावळ दफ्तरात तयार झाली. वतनाचा तंटा असो की १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे मांडावयाचा हक्क असो, पिढ्यांची माळ जुळवून देणे हे उपजीविकेचे काम होते. अशा कागदांत दत्तकाची नोंद काटेकोर असते आणि मुलींची बहुधा नसते, याचे कारण भावनेत नसून जमिनीत आहे.

विसाव्या शतकातील छापील कुलवृत्तांत या दफ्तरी परंपरेचा वारस होय. त्यात वंशवृक्ष असतोच. परंतु त्याचे खरे महत्त्व अन्यत्र आहे. गोत्र, कुलदैवत व मूळ गाव यांवरून शाखा कशी ओळखावी, जुन्या मोडी कागदांचा आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा उपयोग कसा करावा, पिढीचा क्रमांक कसा वाचावा, हे तो वाचकाला शिकवितो. घराघरांतून माहितीपत्रके भरून घ्यावयाची, उत्तरे ताडून पाहावयाची, राहिलेले पुरवणीत द्यावयाचे, अशी ही पद्धत होती. थोडक्यात, तो ग्रंथ जितका वृत्तांत तितकाच शोधाची मार्गदर्शिका होता. गो. स. सरदेसाई यांचे ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचे संकलन (१९५७) प्रसिद्ध घराण्यांपुरते आहे. इतरांना कुलवृत्तांताचाच आधार.

घराण्यापुरत्या काढलेल्या या आवृत्त्या एकदा संपल्या की बहुधा पुन्हा निघत नसत. त्यांपैकी काहींचे पुनर्दर्शन घडले ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'मुळे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने आखलेल्या या प्रकल्पाचे उद्घाटन २००३ मध्ये झाले. लाखो ग्रंथांची पाने प्रतिमारूपाने जतन झाली आणि २०१६-१७ च्या सुमारास मूळ संकेतस्थळ बंद पडल्यानंतरही त्यांतील मोठा भाग 'इंटरनेट आर्काइव्ह'वर उपलब्ध राहिला. हे उपकार मोठे आहेत.

मात्र ग्रंथ असणे आणि तो सापडणे या भिन्न गोष्टी आहेत. तेथील असंख्य मराठी शीर्षके रोमन लिपीत नोंदली गेली, तीही संगणकासाठी बनविलेल्या एका विशिष्ट लिप्यंतर-पद्धतीने. तीत ऋकारासाठी 'आर' व 'एक्स' ही अक्षरे येतात आणि अनुस्वारासाठी 'एन'पुढे एकेरी अवतरणचिन्ह. 'वृत्तांत' या शब्दात दुर्दैवाने ऋकारही आहे आणि अनुस्वारही. वाचक आपल्या अंदाजाने स्पेलिंग करून शोधू लागला, तर या रूपापर्यंत पोहोचण्याचा संभव थोडा. शिवाय पान हे केवळ चित्र. त्यातील आडनाव संगणकाला दीर्घकाळ दिसतच नव्हते.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या वंशसंशोधन ग्रंथालयाने प्रदेशवार छापील मार्गदर्शिका काढल्या होत्या. छपाई थांबल्यावर त्यांतील मजकूर संकेतस्थळावर नव्याने मांडण्यात आला आणि त्यात सतत भर पडत गेली. म्हणजे तेथे मार्गदर्शिकेचे पुनर्लेखन झाले. मराठीत तिचे छायाचित्र घेतले गेले. साधनसामग्रीचा फरक मान्य करूनही हा भेद दुर्लक्षणीय नाही.

त्याची झळ दक्षिणेतील मराठी घराण्यांना अधिक लागते. मूळ वृक्षाशी दुवा न लागलेल्या शाखा वेगळ्या देण्याचा प्रघात अनेक कुलवृत्तांतांत आढळतो. चार-सहा पिढ्यांपूर्वी घाट उतरून किंवा तुंगभद्रा ओलांडून गेलेल्या, घरी मराठी व व्यवहारात कन्नड किंवा तमिळ वापरणाऱ्या कुटुंबाने आपले नाव शोधावयाचे ते याच प्रकरणात. ग्रंथ हाती असताना अनुक्रमणिकेवरून ते सहज दिसे. प्रतिमांच्या राशीत पहिला वंशवृक्ष चाळून 'आपण यात नाही' असे ठरविणारा वाचक शेवटच्या पन्नास पानांपर्यंत जातच नाही. आणि संपादकाने 'दुवा लागलेला नाही' असे नमूद केलेले कुटुंब त्याच्या लेखी मुळात नव्हतेच, असे होऊन बसते.