आखाडा आणि गायनशाळा

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांचे माळे साफ करायला काढले, की पितळी भांड्यांच्या मागून पुष्कळदा दोन वस्तू निघतात. एक मुद्गलांची जोडी आणि दुसरी भाता फाटलेली बाजाची पेटी. जोडी आजोबांची, पेटी आत्याची किंवा आजीची. या दोन वस्तू एकाच माळ्यावर कशा आल्या, याला आपल्या शहराचा इतिहास कारण आहे.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली उस्ताद मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा सुरू केली. तोवर गाणे शिकायचे म्हणजे उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षे पडेल ते काम करायचे आणि त्यांची मर्जी लागेल तेव्हा चार तुकडे पदरात पाडून घ्यायचे. मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके छापली आणि गाणे वेळापत्रकात आणले. घराण्याबाहेरच्या मुलालाही सा कुठे लावायचा ते कळू लागले. दरबारी अब्दुल करीम खाँ काही काळ राहिले, पुढे फैयाझ खाँ आले ते अखेरपर्यंत बडोद्याचेच झाले. १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही इथेच. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाचे संगीत भास्करबुवा बखल्यांचे. बुवांचा जन्म १८६९ सालचा, बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा, आणि त्यांना फैज महंमद खाँ यांची तालीम मिळाली ती बडोद्यात. आपल्या आज्या स्वयंपाक करता करता जी नाट्यपदे गुणगुणत, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी अशी या गावची तालीम होती.

सूरसागराकाठच्या या गायनशाळेपासून चालत काही मिनिटांवर दांडिया बाजार, आणि तिथे जुम्मादादा व्यायाम मंदिर. राजरत्न प्रो. माणिकराव यांनी आपल्या गुरूंचे नाव या आखाड्याला दिले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम या विद्या तोवर वस्तादाकडे एकेकट्याने शिकायच्या होत्या. माणिकरावांनी मुलांना रांगांत उभे केले आणि सांघिक व्यायाम बसवला. कवायतीतले इंग्रजी हुकूम काढून टाकून देशी भाषेतले हुकूम आणले. मोडलेले हाड बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात शिकलेला डभोईचा एक तरुण, जगन्नाथ गणेश गुणे, पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखला गेला. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासून पाहण्यासाठी त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. आज सकाळी बागेत दिसणाऱ्या योगवर्गांचा एक धागा असा दांडिया बाजारापर्यंत मागे जातो. व्यायाम ज्ञानकोशाचे जाडजूड मराठी खंड निघाले तेही बडोद्यातूनच.

या दोन्ही संस्थांनी केलेले काम मुळात एकच. गुरूच्या घरात, मोजक्या शिष्यांपुरती असलेली विद्या त्यांनी वर्गात आणली आणि ती चारचौघांना झेपेल अशी मांडली. त्यासाठी दोघांनीही मोजणीचा आधार घेतला. गायनशाळेत मात्रा मोजायच्या, आखाड्यात हात मोजायचे. लेझीम हे तर दोन्हींचे मिश्रणच. हलगीचा ठेका चुकला की पाऊलही चुकते.

आपल्या ज्येष्ठांच्या सकाळच्या व्यायामवर्गात हा इतिहास आम्ही डोळ्यांनी पाहतो. वर्गात खुर्चीत बसून हात वर नेणारे आहेत, गुडघ्याला पट्टा बांधून येणारे आहेत, आणि काल काय जेवलो ते न आठवणारेही आहेत. नुसते ‘एक, दोन’ म्हटले की हात अर्ध्यावर थांबतात. कुणी एखादे ओळखीचे नाट्यपद धरले, की तेच हात पूर्ण वर जातात. नातवाचे नाव चाचपडणाऱ्या आजी अंतरा मात्र तानेसकट म्हणतात. ज्यांनी शाळेत लेझीम केले, त्यांची पावले बसल्या जागी चवडा-टाच करू लागतात. लहानपणी ठेक्यावर शिकलेले अंगात फार खोल बसते, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

फैयाझ खाँ १९५० साली गेले, माणिकराव १९५४ साली. त्यांना लहानपणी पाहिलेली, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मास्तरांकडून शिकलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यानंतर असे सांगणारे कुणी नाही. दरबारचे दप्तर जपलेले आहे, पण आखाड्यातली माती कोण कालवायचे, गायनशाळेतून परतताना मुली कोणते पद म्हणत यायच्या, मेळ्याच्या तालमी कुणाच्या ओसरीवर व्हायच्या, हे दप्तरात नाही. आपली नातवंडे आता गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

म्हणून या गणेशोत्सवात आम्ही प्रत्येक घराला एक विनंती करतो. आरती झाली, प्रसाद झाला, की अर्धा तास घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. त्यांना लहानपणी शिकलेले पद म्हणायला सांगा, आखाड्यातले पहिले हात करून दाखवायला सांगा आणि मोबाईल सुरू ठेवा. कुणी शिकवले, कुठल्या गल्लीत, तेव्हा वय किती होते, एवढे तीन प्रश्न विचारा. माळ्यावर जोडी किंवा पेटी असेल, तर तीही खाली उतरवून पुसून ठेवा. ती कुणाची, हे ठामपणे सांगू शकणारे माणूस अजून घरात आहे.